मनाली–लेह–खारदुंग ला सायकलवर: आधी मुक्काम ठरवा, मग सायकल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, आठवड्यातून चार दिवस सायकल चालवता, गेल्या दोन वर्षांत २०० किमीचे तीन ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेत. सप्टेंबरमध्ये एका गटाबरोबर मनालीहून निघून आठव्या दिवशी लेह आणि नवव्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), असा बेत आहे. हे जमेल का, कोणती सायकल न्यावी, आणि उंचीचा त्रास झालाच तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही. हरकत आहे ती आठ दिवसांच्या वेळापत्रकाला. या रस्त्याने मी सहा वेळा सायकलवर गेलो, त्यातल्या चार वेळा गट घेऊन. अर्ध्यावरून परतलेल्या लोकांमध्ये पाय थकले म्हणून परतलेला मला एकच आठवतो. बाकीचे घाईने फार वर जाऊन झोपले, म्हणून परतले. त्यामुळे गिअर, टायर, कपडे यांचं नंतर बघू. आधी मुक्काम.

रस्ता डोळ्यांपुढे आणा. मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे. तिथून ५१ किमीवर रोहतांग, ३९७८ मीटर. पलीकडे उतरून चंद्रा नदीच्या काठाने सिस्सू, पुढे तांडी, जिथे चंद्रा आणि भागा एकमेकींना मिळतात, मग केलाँग आणि जिस्पा. हा सगळा पट्टा साधारण ३३०० मीटरच्या आतला. जिस्पा सोडलं की दारचा, पत्सेओ, झिंगझिंगबार, आणि मग बारालाचा ला, सुमारे ४८९० मीटर. पलीकडे सरचू, ४२९० च्या आसपास. सरचूच्या पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, त्यांच्या वर नकी ला, साधारण ४७४० मीटर. तिथून थोडं उतरून व्हिस्की नाला, परत चढून लाचुंग ला, ५०६० च्या घरात. मग पांग, मोरेचं पठार, आणि टांगलांग ला, ५३२८ मीटर. शेवटी रुम्त्से, उप्शी, सिंधूचा काठ आणि ३५०० मीटरवरचं लेह. रोहतांगवरून गेलात तर ही वाट पावणेपाचशे किमीच्या जवळपास भरते.

आता यातला धोका बघा. झिंगझिंगबारपर्यंत, म्हणजे बारालाचाच्या अलीकडे, कुणाला बरं वाटेनासं झालं तर उपाय सोपा आहे: सायकल गाडीत टाकायची आणि केलाँगला उतरायचं. तासा-दोन तासांत माणूस हजार-अकराशे मीटर खाली येतो. पण एकदा बारालाचा ओलांडून सरचूला उतरलात की तुम्ही एका उंच कढईत असता. मागे यायचं तर ४८९० मीटरची बारालाचा पुन्हा चढावी लागते, पुढे जायचं तर नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला, तिन्ही. ज्याला तातडीने खाली न्यायचंय त्याला खाली नेण्यासाठी आधी वर न्यावं लागतं. सरचू ते टांगलांगच्या पलीकडचं रुम्त्से, पावणेदोनशे किमीच्या या पट्ट्याचं हे रूप नकाशावर दिसत नाही, आणि उंचीचा आलेख बघणारेही बहुतेक चढच मोजतात. माझ्या लेखी संपूर्ण मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय झिंगझिंगबारच्या तंबूत सकाळी सहा वाजता घ्यायचा असतो: आज बारालाचा ओलांडायची की नाही.

तुमच्या गटाच्या आठ दिवसांत जिस्पाहून थेट सरचू असा टप्पा असणार, नाहीतर आठ दिवसांचं गणित बसत नाही. म्हणजे आदल्या रात्री ३३०० मीटरवर झोपलेला माणूस दिवसभर दमून, ४८९० ओलांडून, दुसऱ्या रात्री ४२९० वर झोपणार. एका रात्रीत जवळजवळ हजार मीटरची उडी. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. हिशोब झोपेच्या उंचीचा करायचा.

मी लावतो ते मुक्काम सांगतो. मनालीत दोन रात्री. तिसरी रात्र मढीला, रोहतांगच्या अलीकडे, सुमारे ३३०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून सिस्सू. मग जिस्पा, आणि जिस्पात दोन रात्री. मधल्या दिवशी नुसतं लोळायचं नाही. रिकाम्या सायकलने दारचाच्या पुढे दोन-तीन तास चढून परत जिस्पात झोपायचं. मग पत्सेओ, हा टप्पा जेमतेम वीस किमीचा. त्यापुढे झिंगझिंगबार, तोही तसाच छोटा. हे दोन छोटे दिवस बघून तगडी मंडळी कुरकुर करतात, "एवढंसंच? दुपारी बारालाच पोचलो की!" पण हेच दोन दिवस पुढच्या, आणखी चारशे मीटर उंचावरच्या मुक्कामांना पुरतात. मग बारालाचा ओलांडून सरचू, पुढे व्हिस्की नाला, पांग, मोरे ओलांडून देबरिंग, टांगलांग ओलांडून रुम्त्से, आणि लेह. मनालीहून सायकल निघाल्यापासून बारा दिवस. लेहमध्ये एक पूर्ण दिवस विश्रांती, मग खारदुंग ला.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९.०२ किमीचा, आणि रोहतांगचा चढ गाड्यांसाठी मागे पडला. काही गट सायकली गाडीवर लादून बोगद्यातून सिस्सूला नेतात आणि तिथून सुरुवात करतात. असं करू नका. रोहतांगचा दिवस हा शरीराला उंचीची पहिली ओळख करून देण्याचा दिवस असतो: चार हजाराला हात लावून झोपायला ३१०० वर. शिवाय आता गाड्या खालून जात असल्याने तो घाट पूर्वीपेक्षा शांत झालाय. मढीच्या आसपास झाडं संपतात, कुरणं लागतात, आणि मागे वळून बघितलं की बियासचं खोरं ढगांत बुडालेलं असतं. त्या खोऱ्याचा दाट हिरवा रंग तिथे मागे राहतो. तो घाट पायाखालून जायला हवा.

एक गोष्ट बहुतेकांना खरी वाटत नाही. हे घाट उभे नाहीत. मनालीपासून रोहतांगपर्यंत ५१ किमीत सुमारे १९३० मीटर चढ आहे, म्हणजे शंभर मीटर अंतराला चार मीटरही नाही. लेह ते खारदुंग ला चाळीसेक किमीत साडेअठराशे मीटर, शंभराला पावणेपाच. सिंहगडाचा रस्ता याहून कितीतरी उभा आहे. सीमा सडक संघटनेने हे रस्ते अवजड लष्करी ट्रक चढतील अशा बेताने आखलेत, म्हणून वळणं लांब आणि चढ सौम्य. तरीही टांगलांगला माणसं दर दोनशे मीटरला उतरून हँडलवर डोकं टेकवतात, कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण दाबच निम्मा म्हटल्यावर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. साधारण दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची कमाल क्षमता दहाएक टक्क्यांनी घटते असं धरतात. म्हणजे पाच हजारावर घरच्या ताकदीतली सुमारे पासष्ट टक्केच हाती राहते, तीही शरीर रुळलं असेल तर.

यावरूनच सायकलचं उत्तर निघतं. कोणत्या कंपनीची, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, एवढं मला सांगा. तुमच्या हायब्रिड सायकलला पुढे सर्वांत लहान दातेरी चकती ३४ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी ३४ ची असेल, तर पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक एक फेरी फिरतं, सुमारे सव्वादोन मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी आठेक किमी. पुण्यात हा वेग मुंगीचा वाटेल, टांगलांगवर तो झेपत नाही. मग फेऱ्या मिनिटाला चाळीसवर येतात, प्रत्येक फेरी रेटावी लागते, आणि गुडघे बोलायला लागतात. पुढे ३२ आणि मागे ५० असेल तर त्याच ६० फेऱ्यांत ताशी पाच किमीच्या आसपास पडतात. ताशी पाच हाच तिथला खरा वेग आहे. तेव्हा पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा, उत्तर पाऊणच्या खाली आलं पाहिजे. जुनी, पुढे तीन चकत्या आणि त्यांतली सर्वांत लहान २२ दात्यांची असलेली एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर अगदी निश्चिंत जा. रोडबाइक आणू नका. टायर निदान ४० मिमीचे हवेत, कारण बारालाचाच्या दोन्ही अंगांना आणि पांगच्या आसपास रस्ता दरवर्षी कुठे ना कुठे उखडलेला असतो.

ब्रेकचे पॅड नवे टाका आणि एक जोडी जास्तीची ठेवा. जास्तीचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो ती पट्टी) न्याच, तुमच्याच सायकलचा. लेहच्या आधी तो कुठेच मिळणार नाही. दोन ट्यूब, चेनचा एक जोड, दोन जादा आरे. कॅरिअरचे स्क्रू रोज संध्याकाळी हाताने तपासा, दगडांवरून उतरताना ते ढिले होतात. पॅडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांपेक्षा साधे पॅडल आणि ट्रेकिंगचे बूट बरे. काही ठिकाणी सायकल ढकलावी लागेल, नाले ओलांडावे लागतील, आणि तिथे पाय पटकन जमिनीवर टेकता येणं सगळ्यात महत्त्वाचं.

आता त्रासाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात खरी भीती तिथे होती.

डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप उडणं, चक्कर, हे पहिल्या पायरीचं लक्षण आहे आणि ते निम्म्या लोकांना कमी-जास्त होतंच. त्याचा उपाय थांबणं. त्याच उंचीवर एक दिवस विश्रांती घेतली की बहुतेकांचं उतरतं. लक्षणं असताना आणखी वर झोपायला जायचं नाही, हा नियम कुणासाठीही वाकवायचा नाही. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबून एकदम खोल येतो आणि माणूस दचकून उठतो. हे त्या उंचीवर नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते दोन गोष्टींना. स्वस्थ बसलेल्या माणसाला धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, झोपल्यावर जास्तच गुदमरत असेल, तर फुप्फुसांत पाणी साठतंय. आणि माणूस झिंगल्यासारखा चालत असेल, बोलण्यात गोंधळ असेल, तर मेंदूला सूज येतेय. दोन्हींत औषध, ऑक्सिजन जे हाताशी असेल ते द्यायचं, पण त्याच वेळी खाली निघायचंच. सकाळची वाट बघायची नाही.

चार वर्षांपूर्वी झिंगझिंगबारला आमच्या गटातला सर्वांत तरणा, सर्वांत जोरकस गडी सकाळी तंबूबाहेर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी चहाचा पेला घेऊन समोर उभा होतो. त्याची बोटं नाडीचा फास धरायची आणि सोडून द्यायची, धरायची आणि सोडून द्यायची. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, जणू आपण काय करतोय याचाच विसर पडलाय. मी टाचेने धुळीत एक रेघ ओढली आणि म्हटलं, "यावरून चाल, टाचेला बोटं लावून." दोन पावलं नीट पडली. तिसऱ्याला तो डावीकडे कलला आणि मी धरलं म्हणून पडला नाही. रात्रभर डोकं फुटत होतं, पण सांगितलं तर पुढे जाऊ देणार नाहीत म्हणून तो गप्प राहिला होता. आदल्या दिवशी पत्सेओहून सगळ्यांच्या तासभर आधी तोच पोचला होता. सपोर्ट गाडीने त्याला लगेच केलाँगच्या रुग्णालयात नेलं, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी तो सरळ रेषेत चालत होता आणि जेवत होता. त्याच सकाळी तो आमच्याबरोबर बारालाचा चढला असता तर रात्री सरचूला मी काय केलं असतं, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गटातल्या प्रत्येकाला मी चार प्रश्न विचारतो: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, चक्कर आहे का, लघवीला गेलात का आणि रंग काय होता. आणि सकाळी प्रत्येकाला, स्वतःलाही, त्या रेघेवरून चालायला लावतो. सुरुवातीला लोक हसतात. हसू देत.

तंदुरुस्ती उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही, हे या प्रसंगातून कळेलच. उलट तंदुरुस्त माणसाला जोरात जाता येतं आणि तो जातो. वयाची चिंता मात्र सोडा. पन्नाशीतली मंडळी मी सुखरूप नेली आहेत, कारण ती मुकाट हळू जातात.

उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दलही विचारलंत. ते उपयोगी औषध आहे. त्याने श्वास वाढतो आणि शरीर रुळायला मदत होते. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. पुण्यातच दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि वाढलेली लघवी तिथे नव्याने भेटणार नाहीत. ही गोळी घेतली म्हणून एका रात्रीत हजार मीटर चढायची मुभा मिळत नाही. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही पूर्ण बंद.

जाण्याच्या तीन महिने आधी रक्ततपासणी करा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. वर गेल्यावर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवायला घेतं, त्याला लोह लागतं, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांचा लोहाचा साठा रिकामा असतो. तो भरायला आठवडे लागतात, आयत्या वेळी गोळ्या घेऊन काही होत नाही.

आणखी एक, मोकळेपणाने लिहितो. मोरेच्या पठारावर चाळीसेक किमी आडोसा म्हणून नाही. त्यामुळे गटातल्या बायका सकाळपासून पाणीच कमी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. मग ते उंचीचं की तहानेचं, कळायला मार्ग राहत नाही. गाडीत एक छोटा उभा तंबू ठेवायला आयोजकांना आधीच सांगा, किंवा दोघी-तिघींनी मिळून मोठी शाल जवळ बाळगा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, त्यात ओआरएसची दोन पाकिटं.

खाण्याचं सोपं आहे आणि कठीणही. तंबूंच्या ढाब्यांवर डाळ-भात, ऑम्लेट, मॅगी, थुक्पा मिळतं. भूक मात्र मिळत नाही. चार हजारावर पुरणपोळी समोर आली तरी नको वाटते. म्हणून भुकेची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाका. घरून न्यायचं ते असं न्या की मन नसतानाही गिळता येईल. माझ्यासाठी ते शेंगदाण्याचा लाडू, आमसूल आणि खारवलेले काजू. आंबटाने तोंडाला चव येते. तुमचं काय चालतं ते आत्ताच, पाच-सहा तासांच्या राइडमध्ये तपासून ठेवा.

तयारी कशी करायची? वेग विसरा. शनिवार-रविवार सलग दोन दिवस पाच-पाच तास, बोलता येईल इतक्याच जोराने. महिन्यातून एकदा सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी सॅडलवर बसताना अंग काय म्हणतं, ते या मोहिमेचं खरं चित्र. ताम्हिणी, वरंधा, सिंहगड, जो घाट जवळ असेल तो एका दिवशी दोनदा चढा, सर्वांत हलक्या गिअरवर, मुद्दाम हळू. ताशी सहा किमीने तोल न जाता तासभर सरळ चालवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते ब्रेव्हेत शिकायला मिळत नाही. थोडं सायकल ढकलत चढा, पोटऱ्या वेगळ्या दुखतात.

प्रत्यक्ष खिंडीवर कसं चालवायचं, ते सांगतो. देबरिंगहून टांगलांगला पहाटे निघा. पहिला तास वाटेल की आपण फार सावकाश जातोय, तसंच जा. श्वास आणि पॅडल यांची सांगड घाला: दोन फेऱ्या श्वास आत, दोन फेऱ्या बाहेर. वर जाल तशा त्या दोनाच्या एक होतील. रस्त्याच्या कडेला मैलाचे पिवळे दगड आहेत. दर दगडाला थांबायचं, दोन घोट पाणी, पन्नास श्वास, पुढे. दगडाच्या आधी दम संपला तर थांबा, पण सायकल आडवी टाकून जमिनीवर बसू नका. उठताना जे त्राण जातं ते पुढच्या अर्ध्या किमीचं असतं. सायकलला टेकून उभ्याने दम घ्या. ढकलत गेलात तरी खिंड तुमचीच आहे, त्यात काही कमी होत नाही.

माथ्यावर पोचताच आधी फोटो काढू नका. आधी घामेजलेला आतला शर्ट बदला, विंडचीटर चढवा, हातमोजे जाड घाला. टांगलांगला माझ्याबरोबरची एक मुलगी आनंदात वीस मिनिटं पताकांपाशी उभी राहिली आणि उतारावर तिला ब्रेकचा लिव्हर बोटांनी ओढताच येईना. मनगटाने दाबत ती दोन वळणं उतरली, मग आम्ही तिला थांबवून तिचे हात माझ्या काखेत धरून ऊब दिली. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वळणावर ट्रकचा ताफा समोर आला तर दरीच्या बाजूला कधीच थांबू नका, डोंगराच्या कुशीला लागून उभे राहा.

नाल्यांचं गणित घड्याळाचं आहे. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत येतं. सप्टेंबरमध्ये जोर कमी असतो, तरीही झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले सकाळीच ओलांडा. वाऱ्याचंही तसंच. मोरेवर दुपारी सुटतो तो वारा सपाट रस्त्यावर तुम्हाला पहिल्या गिअरवर आणतो. पांगहून पहाटे निघा, पहिल्या काही किमीचा चढ संपवा आणि अकराच्या आत पठाराचा मोठा भाग मागे टाका. तिथे कियांग, म्हणजे रानगाढवं, दिसतात, ती पण सकाळीच. फोन जिस्पानंतर बराच काळ बंद असेल असं धरूनच घरच्यांना सांगून निघा. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घ्या.

खारदुंग ला शेवटी ठेवलाय ते बरंच आहे. माथ्यावरच्या जुन्या फलकावरची ५६०२ मीटर ही उंची चुकीची आहे; खरी ५३५९ च्या आसपास, म्हणजे टांगलांगपेक्षा तीसेक मीटरच जास्त. तोवर तुमचं शरीर पुरतं रुळलेलं असेल, सामान हॉटेलवर असेल, आणि साउथ पुल्लूपर्यंत रस्ता चांगला आहे. पहाटे पाचला निघा, वर वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, दुपारी उशिरा जेवायला लेहमध्ये.

आता गटाच्या आयोजकांना हे विचारा. जिस्पानंतरची रात्र कुठे आणि किती उंचीवर? एखाद्याला एक दिवस मागे थांबावं लागलं तर त्याच्यासोबत कोण थांबणार? गाडी एकच असेल आणि एकाला घेऊन ती केलाँगला गेली तर उरलेल्यांचं काय? ऑक्सिजनचे सिलेंडर किती, आणि ते वापरता येणारा माणूस गाडीत आहे की सायकलवर? बारालाचाच्या अलीकडे एक राखीव दिवस आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं तर दुसरा गट बघा, किंवा चौघे-पाच जण मिळून स्वतःची गाडी ठरवा आणि बारा दिवस घ्या.

त्यांचं उत्तर आलं की मुक्कामांची यादी प्रत्येक ठिकाणच्या उंचीसकट मला पाठवा. आपण एकेक रात्र मोजून बघू.